टेलरदादांच्या पायांसाठी

"माझी प्रार्थना आजपर्यंत एकदाही वाया गेलेली नाही," मेकॅनिक मंडळीसमोर उभा राहून ठणकावून म्हणाला. "पत्ता नीट सांगितला की पोचतेच. आता आपले टेलरदादाच घ्या."

चर्चमधली रविवारची उपासना संपत आली होती आणि देवाने काही केल्याची साक्ष द्यायला कोणी उठतंय का, असं पाळकांनी नुसतं रीत म्हणून विचारलं होतं. मेकॅनिक उठणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा हा माणूस. दुसऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचा त्याला इतका सोस होता की मंडळीत त्याला मागून 'एजंट' म्हणायचे. तो प्रार्थनाही दुरुस्तीसारखीच करायचा. नुसतं 'बरं कर' म्हणून भागायचं नाही. 'प्रभू, डावा गुडघा, वाटीच्या आतल्या अंगाला, तिथं जरा घासतंय बघ,' असं देवाला बोट ठेवून दाखवायचा.

"गेले कित्येक आठवडे मी परगावी होतो," तो पुढे म्हणाला. "कपड्यांच्या कारखान्यात मशीनं बसवत होतो. पण एक दुपार चुकवली नाही. भोंगा झाला की आधी प्रार्थना, मग डबा. कारखान्यातल्या माणसांनाही बसवलं सोबत. टेलरदादांचे पाय चालव, प्रभू, त्यांना परत मशीनवर बसव! अहो, जायच्या दिवशी मी त्यांच्या घरी डोकावलो, तर शांत निजले होते. अर्धांगवायूचा माणूस असा निजतो का? गुण येतोय, मंडळी. लिहून ठेवा, टेलरदादा लवकरच पायडल मारताना दिसतील."

एरवी त्याच्या साक्षीला निदान चारदोन 'आमेन' पडायचे. आज कोणी खोकलंसुद्धा नाही. पाळकांनी त्याचा शर्ट मागून ओढला.

"भाऊ, खाली बसा."

"थांबा हो, संपलं नाही अजून."

"संपलंय," पाळक हळू आवाजात म्हणाले. "टेलरदादा तुम्ही गेलात त्याच दिवशी पहाटे वारले. आपण माती दिली त्यांना."

मेकॅनिकने समोर पाहिलं. दुसऱ्या बाकावर टेलरदादांची बायको बसली होती. तिला सगळी मंडळी वहिनी म्हणायची. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. आपली हरवलेली वस्तू कालच कुठंतरी पाहिली असं सांगणाऱ्या माणसाकडे बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

बाहेर पायऱ्यांवर आत्याबाईंनी त्याला गाठलं. आत्याबाई म्हणजे टेलरदादांची थोरली बहीण. त्यांच्याच घरात राहायच्या आणि पवित्र शास्त्रातल्या भाषेशिवाय दुसरी भाषा त्यांच्या तोंडी नसायची.

"मी सांगितलं होतं की तुम्हाला दारात! दादा निजला म्हटलं."

"निजला म्हणजे मला वाटलं निजला!"

"प्रभूमध्ये निजला."

"प्रभूमध्ये कुठं म्हणालात तुम्ही?"

"मग कुणामध्ये निजणार तो?" आत्याबाई उसळल्या. "आणि तुम्ही काय म्हणालात? निजू दे, उठवू नका म्हणालात. मग म्हणालात, उठतील, चालतील, बघालच तुम्ही. मला वाटलं, केवढा हा विश्वास! पुनरुत्थानाची गोष्ट बोलतोय माणूस, आणि तीसुद्धा हातात पाना धरून. मी आमेन म्हटलं. सगळ्या मंडळीला सांगत फिरले मी."

मेकॅनिकला ती सकाळ लख्ख आठवली. दार अर्धवट उघडलेलं, आत अगदी चिडीचूप. 'दार हळू लावा हं,' असंही तो सांगून आला होता. गाडी चुकेल म्हणून घाईत होता.

वहिनी मागून आली. "भाऊ," तिने विचारलं, "तुम्ही प्रार्थना कधी करायचात?"

"दुपारी. डब्याच्या सुट्टीत."

"दुपारी," वहिनी म्हणाली. आत्याबाईंनी हातातलं शास्त्र छातीशी घट्ट धरलं.

"उद्या घरी या. मशीन बघायला."

"बिघडलंय?"

"नाही," वहिनी म्हणाली. "चालतंय."

घरी बायकोने ताट वाढलं आणि तोंडही सोडलं. "मी फोनवर सांगितलं नव्हतं, टेलरच्या घरी जाऊन आले म्हणून?"

"मला वाटलं चौकशीला गेली असशील."

"आणि मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! स्वतः दारात जाऊन सांत्वन करून आलात म्हणे. मेलेल्या माणसाला बरं करा म्हणून देवाच्या मागे लागलात इतके दिवस. काय वाटलं असेल त्याला!"

"कुणाला, टेलरदादांना?"

"देवाला हो! फाईल बंद झालेली, आणि हा बाबा रोज खिडकीवर उभा." तिने भांडं आपटलं. "जगातल्या सगळ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना. माझा गुडघा इथं रोज दुखतोय, तो तेवढा दिसत नाही."

मेकॅनिकने जेवण अर्धंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाळकांकडे गेला. पाळक कपड्यांना इस्त्री करत होते.

"आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, भाऊ," ते म्हणाले. "माणूस गेला की तो देवाच्या हाती. आपलं काम संपलं."

"मी कुठं मेलेल्यासाठी केली? मी जिवंत माणसासाठीच करायला घेतली होती. मध्येच तो गेला, त्याला मी काय करू?"

पाळकांची इस्त्री कॉलरवरच थांबली. असला प्रश्न त्यांच्या शिक्षणात आला नव्हता.

"आता ती परत घेता येते का?" मेकॅनिकने विचारलं.

"प्रार्थना काय कापड आहे, परत घ्यायला?" पाळक म्हणाले आणि मग जरा विचार करून, "पण सांगून बघा. देव समजूतदार आहे," असं म्हणाले. तोवर कॉलर करपली होती.

टेलरदादांची खोली मेकॅनिकच्या चांगली ओळखीची होती. खिडकीशी मशीन, खिळ्याला टेप, फळीवर खडूचे तुकडे, आणि मशीनला लागूनच खाट. आजारपणात दादांना त्या खाटेवरून मशीन दिसावं म्हणून ती तशी ओढली होती. गादी गुंडाळून ठेवलेली होती, पण खाटेच्या पट्ट्यांना अजून माणसाच्या अंगाचा झोल होता. मशीनवर कुणाची तरी पँट सुईखाली तशीच अडकून राहिली होती. गिऱ्हाईक न्यायला आलं नव्हतं, आणि वहिनीने ती काढली नव्हती. त्या मशीनला दादा कुणाला हात लावू देत नसत. मशीन दुसऱ्याच्या पायाला लागलं की बिघडतं, असं ते म्हणायचे. मेकॅनिकही त्यांचीच री ओढायचा.

त्याने आधी मेकॅनिकचं काम केलं. जमीन सपाट आहे का पाहिली. बाहेरून जड गाडी गेली की हादरा बसतो का, ते पाहिलं. चाकावरचा पट्टा उतरवून वेटोळं करून खिडकीत ठेवला. पायडलवर तेलाची डबी उभी केली.

"आता हललं तर डबी पडेल," तो म्हणाला.

तिघं बसून राहिले. आत्याबाई दाराजवळच्या स्टुलावर, पळायला सोपं म्हणून. वहिनीने तीन कप चहा आणला. एक मेकॅनिकला दिला, एक आत्याबाईंना, आणि तिसरा मशीनच्या फळीवर ठेवला. मेकॅनिकने तिच्याकडे पाहिलं.

"सवय लागली," ती म्हणाली. "पहिल्यांदा फार भ्यायले. मग म्हटलं, आपलाच तर माणूस. आजारपणात वाचाही गेली होती त्यांची, नुसते बघत पडून असायचे. निदान दुपारचं हे पायडल तरी ऐकू यायला लागलं."

बराच वेळ गेला. डबी जागची हलली नाही. मेकॅनिकच्या जिवात जीव आला. "बघा! भास असणार. दुःखात माणसाला—"

"तुम्ही आज प्रार्थना कुठं केलीत?" वहिनी म्हणाली.

नाही म्हणावं तर मेकॅनिक आपल्याच प्रार्थनेला भ्याला असं होणार. त्याने डोळे मिटले. एक उघडा ठेवला.

"हे प्रभू," तो पुटपुटला, "टेलरदादांचे पाय..."

तेलाची डबी कलंडली. पायडल खाली गेलं, मग वर आलं. पट्टा नसलेलं मशीन, त्यामुळे सुई निवांत होती, चाक निवांत होतं, खाली नुसतं पायडल चाललं होतं. मेकॅनिकने आयुष्यभर लोकांचे पाय पायडलवर पाहिले होते. कोणी चवड्याने दाबतं, कोणी सगळं पाऊल टाकून रेटतं. टेलरदादा आधी टाच टाकायचे, मग अंगठ्याकडे वळायचे, आणि दर थोड्या वेळाने उगाच एक अर्धी खेप द्यायचे, दोरा ताणून बघितल्यासारखी. ती अर्धी खेप आली तेव्हा मेकॅनिक भिंतीपर्यंत मागे सरकला.

"आमेन!" तो ओरडला.

पायडल अर्ध्यात थांबलं. टाच खाली, चवडा वर. हाक मारल्यावर माणूस पाय थबकवून वळून बघतो, तसं.

आत्याबाई केव्हाच दाराबाहेर गेल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "सोडा त्याला! निजू द्या माझ्या भावाला!"

मेकॅनिकने वहिनीकडे पाहिलं. ती त्या पायडलकडे बघत होती. मग तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. त्याने ती होच धरली.

"प्रभू," तो म्हणाला, "मी मागं जे मागितलं ते परत घेतो. चूक माझी. दादांना निजू दे. त्यांचे पाय आता... त्यांचे पाय राहू दे."

पायडल हळूच सपाट झालं. बाहेरून आत्याबाईंनी 'आमेन' म्हटलं. वहिनीने म्हटलं नाही. तिने फळीवरचा गार झालेला चहा उचलला आणि मोरीत ओतला.

त्या दिवसापासून मेकॅनिकची वाचा बसली. म्हणजे बोलायचा, भाव करायचा, बायकोशी भांडायचा. पण प्रार्थना म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ती वर उठलेली चवड्याची बाजू यायची. मंडळीतल्या एकीने भाच्याच्या काविळीसाठी प्रार्थना करा म्हणून सांगितलं, तर हा म्हणतो, "आधी जाऊन बघून येतो, आहे ना तो?" त्या बाईने पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तेल घालताना, सुई बसवताना त्याच्या ओठांवर आपोआप कुणाकुणाचे गुडघे, डोळे, मूत्रपिंडं यायची आणि तो ती गिळून टाकायचा. एकदा बायकोच म्हणाली, "अहो, घर कसं सुनं सुनं वाटतंय. करा की कुणासाठी तरी. नाहीतर माझ्या गुडघ्यासाठी करा."

"चालायला लागशील," मेकॅनिक घाबरून म्हणाला.

"चालतेच आहे मी!" ती म्हणाली. पण ती हसली नाही.

मग एका दुपारी वहिनी त्याच्या दुकानात आली. दुकान म्हणजे जिन्याखालची फट. खोललेली मशीनं, डब्यात स्क्रू, भिंतीला तेलाचे हात. ती पालथ्या खोक्यावर बसली.

"आता चालत नाही ते," ती म्हणाली.

"मग बरं झालं ना."

"नाही झालं." तिने पदर बोटाला गुंडाळला. "दुपार झाली की मी बसते तिथं. काहीच नाही. भाऊ, थोडी करा. फार नको. नुसता एक पाय चालला तरी चालेल."

"वहिनी, हे बरोबर नाही. पाळक म्हणतात—"

"पाळक येतात का दुपारी माझ्याकडे?"

मेकॅनिकने हातातलं मशीनचं शटल उगाच पुसलं. करायला काय लागतं, दोन वाक्यं. आणि ती हसेल कदाचित. पण ते थबकलेलं पायडल त्याने पाहिलं होतं. दमलेल्या माणसाला कोणीतरी सारखं हलवून उठवतंय आणि तो बिचारा नाही म्हणू शकत नाही, असं ते दिसलं होतं.

"दादा निजलेत, वहिनी," तो म्हणाला. "आता खरंच निजलेत. मी नाही उठवणार."

"ते निजले," वहिनी म्हणाली. "मी जागी आहे."

जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरून गेलं. ते जाईपर्यंत दोघंही थांबले.

"ते पडून होते तेव्हा तुम्ही सगळे यायचात," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब समजावून सांगावा तसं बोलत होती. "खाटेभोवती उभे राहायचात. त्यांच्या डोक्यावर हात, पायांवर हात. मी स्वयंपाकघरात चहा ठेवलेला असायचा, तो उतू जाईल म्हणून मी तिकडेच. 'आमेन' ऐकू आलं की कप घेऊन यायचं. किती कप केले असतील! पण भाऊ, एकाच्याही तोंडून कधी माझं... जाऊ दे. तसं मला काही झालेलंही नव्हतं म्हणा."

मेकॅनिकने आठवून पाहिलं. टेलरदादांचा डावा पाय, उजवा पाय, जीभ, रक्तदाब, डॉक्टर, डॉक्टरांची बुद्धी, औषधं, एकदा तर खाटेचा कुरकुरणारा खूरसुद्धा त्याने देवाच्या कानावर घातला होता. आणि चहा 'फक्कड झालाय' असं तो दर वेळी म्हणाला होता. त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्याने दुकानाचं फळकूट ओढून लावलं.

"चला," तो म्हणाला.

खोलीत सगळं तसंच होतं. पट्टा खिडकीत, पँट सुईखाली. आत्याबाई मागच्या खोलीत पडल्या होत्या. मेकॅनिकने सवयीने आधी पट्टा चाकावर चढवला. मग तो मशीनशेजारी गुडघे टेकून बसला आणि वहिनीला म्हणाला, "तुम्ही चहा ठेवायला जाऊ नका."

ती समोर जमिनीवर बसली.

त्याने डोळे मिटले. दोन्ही. "हे प्रभू," तो म्हणाला, आणि अडला. कुठला भाग घासतोय, कुठं तेल हवंय, ते त्याला ठाऊकच नव्हतं. हा बिघाड त्याने कधी खोलून पाहिला नव्हता. "ह्या आमच्या वहिनी," तो म्हणाला. "तुझ्यापुढे बसल्यात. दुपार जात नाही त्यांची." मग पुन्हा थांबला. "माझं चुकलं, मी त्यांना आणलंच नाही कधी तुझ्याकडे. त्या चहा करत होत्या." पुढं त्याला शब्द सापडेना. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेल होतं, ते त्याच्या नंतर लक्षात आलं. वहिनीचे खांदे एकदा हलले, मग बरेचदा हलले. पायडल हललं नाही. त्याने मान वळवून पाहिलं, अगदी नक्की करून घेतलं.

"आमेन," वहिनी म्हणाली. तोच म्हणायचा विसरला होता.

उठताना मेकॅनिकच्या शर्टाची बाही मशीनच्या कडीत अडकली आणि कफापासून कोपरापर्यंत टर्रकन फाटली.

"काढा," वहिनी म्हणाली.

"राहू दे हो, घरी बायको—"

"काढा म्हणते ना."

तो बनियनवर उभा राहिला. वहिनीने सुईखालची पँट सोडवली, झटकली, घडी करून खाटेवर ठेवली. मग दादांच्या स्टुलावर बसली. पाय कुठं ठेवायचे ते तिला नीट माहीत नव्हतं. आधी एक ठेवला, मग दुसरा. मेकॅनिकच्या तोंडावर आलं होतं की टाच आधी, पण त्याने ते गिळलं. तिने सगळं पाऊल टाकून पायडल रेटलं. मशीनने दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा धावत सुटलं. मागच्या खोलीतून आत्याबाई किंचाळल्या, धावत दारात आल्या, आणि भावाच्या जागी भावजय बसलेली बघून चौकटीलाच टेकल्या. ना त्या शास्त्रातलं काही बोलल्या, ना शास्त्राबाहेरचं.

वहिनीने बाही पक्की शिवली. इतकी पक्की, की कफाचं तोंडही शिवलं गेलं आणि हात बाहेर यायला जागा उरली नाही. उसवते म्हणाली, पण मेकॅनिक म्हणाला नको, छान झालंय. शर्ट घालून, डावा हात बाहीत कोंडलेलाच ठेवून तो घरी निघाला.

वाटेत पाळक भेटले. हात मोडला असं समजून त्यांनी पिशवी खाली ठेवली, रस्त्याच्या कडेलाच डोळे मिटले आणि त्या हातासाठी बरीच मोठी प्रार्थना केली. मेकॅनिकने आमेन म्हटलं. पाळकांनी डोळे उघडले तेव्हा त्यांची पिशवी कोणीतरी नेली होती.